पलंगावरून काढलेले फोटो

तांबोळीसाहेब फोटो काढताना कुणालाही 'हसा' म्हणत नसत. समोरचा माणूस आपण होऊन हसायला लागला, तर कॅमेऱ्यावरची मान वर करून शांतपणे विचारायचे, "काही गंमत झाली का? मला दिसली नाही." त्या माणसाचं हसू विरायचं, चेहरा गोंधळायचा, आणि गोंधळातून तो ठिकाणावर येत असतानाच साहेब बटण दाबायचे. खडकीच्या आमच्या क्वार्टर्समधल्या कितीतरी मुलींची लग्नं त्यांनी काढलेल्या फोटोंवर जमली. पोरगी फार गंभीर आलीय, अशी एखादीची आई तक्रार करायची. त्यावर साहेबांचं उत्तर ठरलेलं असायचं, की लग्नही गंभीरच असतं, आधीपासून सवय बरी.

हमीद तांबोळी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात सीनियर ड्राफ्ट्समन होते आणि मी तिथे ट्रेसर. त्यांनी पेन्सिलीनं काढलेल्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईनं ते गिरवायचं, हे माझं काम. म्हणजे नोकरीची बहुतेक वर्षं मी त्यांच्या रेषांवरूनच हात फिरवत होते. उंच, किंचित पोक काढून चालणारे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मूळचे कसबा पेठेतले. तिथे त्यांच्या भावाचं पानाचं दुकान होतं, पण हे स्वतः सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसत. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ, की ऑफिसात नव्यानं आलेला कुणी एकदा त्यांना विचारून बसला, "तुम्ही सदाशिव पेठेतले का?" साहेबांनी टी-स्क्वेअर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "नाही, कसब्यातले. सदाशिव पेठ आमच्यानंतर झाली."

त्यांची बायको मेहरुन्निसा, आम्हा सगळ्यांची मेहरभाभी, माझ्याच वयाची. मूल नव्हतं. आमच्या दोघींची दारं समोरासमोर. ती हसरी, बोलकी, भांडायलाही तयार. घरात त्या दोघांची बोली दखनी, पण मी गेले की दोघंही मराठीवर यायचे, आणि मग तिच्या मराठीतल्या चुका साहेब काढत बसायचे. ती म्हणायची, "सुमन, ह्यांना सांग, मी बोलते आहे, परीक्षा देत नाही."

एका सकाळी चहा गाळता गाळता ती खाली कोसळली. अर्धांगाचा झटका. चाळिशीही गाठलेली नव्हती. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय गेलेला होता, आणि बोलणं जड झालं होतं. ते बोलणं पुढे हळूहळू सुधारलं. पाऊलही आधारानं, ओढत का होईना, टाकता येऊ लागलं. हात मात्र परत आला नाही.

नातेवाइकांनी आपल्या परीनं विचारलं. कसब्यातली जाऊ म्हणाली, आमच्याकडे आणून ठेवा. सोलापूरचे तिचे थोरले भाऊ रशीदभाई, कापडाचे व्यापारी, ते तर तिला न्यायला गाडी करूनच आले होते. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि एकच सांगितलं, की मी तिला लग्न करून आणलंय, परत पाठवायची सोय असते हे तेव्हा कुणी बोललं नव्हतं. त्यानंतर कुणी विषय काढला नाही.

पण नाही म्हणणं सोपं होतं. करणं त्यांना काहीच येत नव्हतं. भात लावण्यापासून सुरुवात होती. दिवसा मदतीला एक बाई येऊ लागली, तरी सकाळ, संध्याकाळ आणि रात्र साहेबांचीच. दुपारच्या सुट्टीत सायकल मारत घरी जायचे, भाभीला कुशीवर वळवून यायचे आणि धापा टाकत स्टुलावर बसायचे.

एके दिवशी ऑफिसात ते माझ्या टेबलाशी आले आणि अगदी कामाच्या आवाजात म्हणाले, "शिंदेबाई, तीन पेडांची वेणी कशी घालतात, ते जरा दाखवा." मला वाटलं थट्टा आहे. पण त्यांनी माझ्या ड्रॉवरच्या कडीला सुतळीचे तीन लांब तुकडे बांधले होते. मी दाखवलं. त्यांनी सोडलं, पुन्हा घातलं, पुन्हा सोडलं. सगळं ऑफिस हसायला लागलं. साहेबांनी मान वर केली, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "ज्यांना येत असेल त्यांनी पुढे यावं." कुणी आलं नाही. संध्याकाळी मी भाभीकडे डोकावले, तर तिची वेणी ड्रॉइंगमधल्या रेषेसारखी सरळ होती आणि इतकी घट्ट की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. भाभी म्हणाली, "छान आहे. फक्त डोळे मिटत नाहीत."

फोटो मात्र बंद झाले. रविवारी लग्नाचे फोटो काढायला जाणं त्यांनी सोडलं. पोटाशी धरून वरून बघायचा त्यांचा तो जुना कॅमेरा कपाटात गेला. कुणी विचारलं तर म्हणायचे, सध्या बघण्यासारखं काही नाही.

कॅमेरा बाहेर आला तो भाभीमुळे. ती बरी बसायला लागली होती. एका रविवारी तिचे केस धुऊन मी तिला खिडकीशी खुर्चीवर बसवलं होतं. केस खुर्चीच्या पाठीवरून मोकळे सोडलेले. साहेब फरशी पुसत होते. ती त्यांना म्हणाली, माझा एक फोटो काढा. साहेब न थांबता म्हणाले, की आधी बरी हो, मग काढू. ती एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बरी झाल्यावर काय, कुणीही काढेल. जन्मभर लोकांच्या नटलेल्या बायकांचे फोटो काढलेत. मी ही अशी आहे. मला बघायचं नाही का तुम्हाला?"

साहेबांनी फडकं पिळलं, वाळत टाकलं, हात धुतले आणि कपाट उघडलं.

त्या दिवसापासून त्या दोन खोल्यांमध्ये जे चालत होतं त्याचे फोटो निघू लागले. पलंगाखालची बादली आणि तिच्यावर टाकलेला टॉवेल. उशीवर ठेवलेला निर्जीव उजवा हात, ज्यातल्या बांगड्या साहेबांनी काढू दिल्या नव्हत्या. तिच्या चपला, एकीचा अंगठा पाय ओढून ओढून झिजलेला. तारेवर वाळणाऱ्या चादरींच्या मागे उभी आमची सगळी क्वार्टर्स. साहेब रात्री न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून आत फोटो धुवायचे आणि स्वयंपाकघरात दोरीला चिमट्यांनी लटकवायचे. घरात भाजीच्या फोडणीबरोबर फोटोच्या औषधाचा आंबट वास यायचा. भाभीनं मात्र एक अट घातली होती. प्रत्येक फोटो आधी तिला दाखवायचा, आणि तिनं 'फाडा' म्हटलं की तिच्यासमोर फाडायचा. ती तोंड उघडं टाकून झोपली आहे, असा एकही फोटो वाचला नाही.

अशी पुष्कळ चित्रं जमल्यावर तिनं एकदा सगळी पलंगावर पसरून बघितली आणि साहेबांना विचारलं, ह्यात तुम्ही कुठे आहात? खरंच, ते कुठेच नव्हते. फार तर चमचा धरलेली बोटं. ती म्हणाली, की हे बघून वाटतं ही बाई घरात एकटीच राहते आणि चमचा आपोआप तोंडाशी येतो. मलाही कॅमेरा पाहिजे.

डाव्या हातानं तिला तो धरवेना. तेव्हा साहेबांनी एक स्टँड करायचं ठरवलं. पलंगाच्या कडेला घट्ट बसणारा, वरचा दांडा फिरणारा, आणि बटणाला जोडलेली लांब वायर तिच्या डाव्या हाताशी येईल असा. त्यांनी त्याचं तिन्ही बाजूंनी रीतसर ड्रॉइंग केलं, मापं टाकली, आणि मीच ते शाईनं गिरवून दिलं. कसब्यातल्या त्यांच्या ओळखीच्या सुतारानं ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "साहेब, हे पलंगाला लावायचंय का तोफेला?" साहेब म्हणाले, "दोन्हीकडे चालेल असं करा."

भाभीचे फोटो वाकडे यायचे. अर्धा पंखा, अर्धं साहेबांचं डोकं. पण त्यात आम्हाला रोज दिसणारे आणि तरीही न दिसलेले तांबोळीसाहेब होते. बनियनवर चादर पिळताना मानेच्या शिरा ताणलेले. कांदा चिरताना डोळे पुसणारे. मांडीवर पेपर ठेवून बसल्या बसल्या झोपलेले. ते फोटो बघून साहेब नाक मुरडायचे, म्हणायचे, ह्या बाईला उजेडातलं काही कळत नाही. पण फाडायचा हक्क त्यांना नव्हता.

एका सोमवारी दुपारच्या सुट्टीत घरून परत आल्यावर त्यांनी माझ्यासमोर एक फोटो ठेवला. त्यात त्यांनी डाव्या हातात ताटली धरली होती आणि उजव्या हातातला घास पुढे केला होता. जबडा आवळलेला. आणि डोळ्यांत असा त्रासिक राग, की मी नजर काढून घेतली.

"हा माणूस तुम्हाला कसा वाटतो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दमलेला वाटतो.

"नाही. चिडलेला आहे. नीट बघा."

मी पुन्हा बघितलं. आपण तोंडातून कधी वावगा शब्द काढला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्यांना वाटत आलं होतं. हा चेहरा रोज तिच्यासमोर असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तो फोटो फाडायची परवानगी मागितली होती आणि तिनं दिली नव्हती.

संध्याकाळी मी भाभीला म्हटलं, जाऊ दे ना, फाडू दे त्यांना. ती म्हणाली, "ते चिडतात ते मला रोज दिसतं, सुमन. मी न दिसल्यासारखं करते आणि ते न चिडल्यासारखं. त्यातच दोघांचा जीव जातो. आता एकदाचं कळलं." मग तिनं डाव्या हातानं घास पुढे करून दाखवला. "आणि हात बघितलास? चेहरा तसा आहे, पण हात पुढेच आहे."

त्यानंतर एक गोष्ट बदलली. साहेब कधीकधी आमच्या दारात यायचे आणि सरळ सांगायचे, "शिंदेबाई, आज मी चिडलोय. थोडा वेळ बसाल का तिच्याजवळ?" मी जायचे. ते स्टेशनपर्यंत चालत जायचे, बाकावर बसायचे, एखादी लोकल आलेली-गेलेली बघायचे आणि परत यायचे. येताना कधी पेरू, कधी भाजलेलं कणीस. भाभी विचारायची, उतरला का? ते म्हणायचे, बराचसा. आणि कामाला लागायचे. त्या घरात पुन्हा भांडणं ऐकू यायला लागली, आणि मला बरं वाटलं.

खरी कसोटी रशीदभाई ईदेच्या दुसऱ्या दिवशी आले तेव्हा लागली. मी शीरखुर्म्याचं भांडं परत द्यायला गेले होते. रशीदभाई पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि बाहेरच येईनात. आत दोरीवर फोटो वाळत होते. त्यांनी आवाज चढवला नाही. एकेक चिमटा काढून त्यांनी सगळे फोटो उतरवले, पालथे करून एकावर एक ठेवले आणि बाहेर आले. ते साहेबांना म्हणाले, की हमीदभाई, तुम्ही तिचं जे करता त्याला तोड नाही, मी सगळ्यांना सांगतो. पण हे कशासाठी? डोक्यावर पदर नाही, केस मोकळे, शेजारी बादली. उद्या हे कुणाच्या हाती पडतील. "लोक हळहळतील. आमच्या मेहरवर कुणी दया केलेली मला सहन होणार नाही."

रशीदभाईंच्या बोलण्यात माया होती, हे साहेबांनाही दिसत होतं. ते एवढंच म्हणाले, की फोटो तिचे आहेत, तिला विचारा.

भाभी पलंगावर टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "भाईजान, आज राहा. उद्या सकाळचं माझं तुम्ही करा. मग फाडायचे का ठेवायचे ते तुम्हीच ठरवा. जे उतरवलेत तेही, आणि पेटीत आहेत तेही." साहेबांनी दचकून तिच्याकडे बघितलं. दोन वर्षांचं सगळं ती एका सकाळवर पणाला लावत होती. पण ते मधे पडले नाहीत.

सकाळी अंघोळ मी घातली. पुढचं रशीदभाईंकडे होतं. लाखोंचे व्यवहार करणारा माणूस, पण उशी कुठून उचलायची तेही त्यांना कळेना. त्यांनी तिला टेकवलं, ती एका बाजूला कलली. पुन्हा टेकवलं. बशीत चहा ओतून तिच्या ओठांशी धरला. बशी जास्त तिरकी झाली आणि चहा हनुवटीवरून गळ्यात उतरला. ते घाबरले. खिशातला रुमाल काढून पुसायला लागले, गळा, खांदा, मग केस बाजूला करून मान. लहानपणी त्यांनी तिला कडेवर घेतलं असेल, त्यानंतर बहुधा पहिल्यांदाच ते तिला हात लावत होते. पुसून झालं. ते ओला रुमाल हातात धरून तसेच बसून राहिले. पुढे काय करायचं असतं ते विचारावं, तर कुणाला विचारावं, असा चेहरा. साहेब दारात हाताची घडी घालून उभे होते. भाभीनं वायरचं बटण दाबलं. रशीदभाईंनी ते ऐकलं, पण मान वर केली नाही.

ते उठून बाहेर ओट्यावर गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मग आत आले, स्वयंपाकघरात गेले आणि पालथे ठेवलेले फोटो पुन्हा एकेक करून दोरीला लावले. निघताना साहेबांना म्हणाले, "आज तिनं काढलेला नीट आला, तर मला पाठवा." तो आला, आणि साहेबांनी तो पाठवला. पुढे साहेब सोलापूरला गेले तेव्हा तो रशीदभाईंच्या आतल्या खोलीत, काचेच्या चौकटीत लावलेला होता.

भाभी त्यानंतर बरीच वर्षं जगली. गेली ती हिवाळ्यातल्या एका दुपारी, उन्हात बसल्या बसल्या. साहेब ऑफिसात होते. मीच त्यांना घरी घेऊन आले. घरी आल्यावर त्यांनी तिचा उजवा हात उचलून नीट मांडीवर ठेवला, आणि मग बसले.

निवृत्तीनंतर ते कोंढव्याला पुतण्याच्या शेजारी राहायला गेले. मग पुतण्याच्या ओळखीच्या, एका हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी ते फोटो बघितले आणि वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात लावायची इच्छा दाखवली. तिथे पेशंटची माणसं तासन्‌तास बसून असत. साहेबांनी होकार दिला, पण एक फोटो आपला आणि एक तिचा, असेच लावायचे, आणि खाली काही लिहायचं नाही, असं बजावलं.

मी बघायला गेले होते. त्या चिडलेल्या फोटोसमोर एक बाई बराच वेळ उभी होती. हातात थर्मास, केस विस्कटलेले. तिचे सासरे आत होते. ती कुणालाच उद्देशून नव्हे अशी म्हणाली, "माझंही तोंड असंच होत असेल." साहेब माझ्याजवळच उभे होते. ते पुढे झाले. आता धीराचे चार शब्द सांगतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "असेल. तुम्ही जरा बाहेर फिरून या. मी बसतो त्यांच्याजवळ." बाईनं त्यांच्याकडे बघितलं, मग फोटोकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. थर्मास त्यांच्या हातात दिला आणि गेली. साहेब आत जाऊन स्टुलावर बसले.

त्या दिवसापासून त्यांना ते कामच लागलं. फोटो उतरवले गेले तरी साहेबांचं जाणं थांबलं नाही. घरचं माणूस जेवायला, झोपायला किंवा नुसतंच रस्त्यावर जाऊन उभं राहायला गेलं, की तेवढा वेळ हे पेशंटजवळ बसायचे. पुढे तर लोकांच्या घरीही जाऊ लागले.

ते गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी त्यांना शेवटचं बघितलं. सुनेबरोबर आंबे घ्यायला मी मार्केट यार्डात गेले होते. हमाल डोक्यावर पेट्या घेऊन ओरडत पळत होते, टेम्पो मागे येत होते, आणि त्या गर्दीत तांबोळीसाहेब एका चाकाच्या खुर्चीमागे उभे होते. स्वतःच पंचाहत्तरीच्या पुढचे. खुर्चीत त्यांच्या इमारतीतले एक वृद्ध गृहस्थ होते, बोलणं जवळजवळ गेलेलं, हात थरथरणारा. पूर्वी दरवर्षी ते स्वतः आंबे निवडायला यायचे म्हणे. ते मांडीवरच्या पेटीतला एकेक आंबा उचलून नाकाशी नेत होते आणि परत ठेवत होते. व्यापारी चुळबुळ करायला लागला. साहेब त्याला म्हणाले, "तुम्हाला घाई असेल तर जाऊन या. दुकान मी बघतो." व्यापारी हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी हाक मारली. साहेबांनी ओळख दिली, सुनेची चौकशी केली. मी म्हटलं, कॅमेरा नाही आणलात? ते म्हणाले, "आज दोन्ही हात खुर्चीला लागतात."

आंबे घेऊन झाले. पेटी त्या गृहस्थांच्या मांडीवरच ठेवून साहेबांनी खुर्ची वळवली. थोडं पुढे गेल्यावर त्या गृहस्थांनी मान मागे टाकून काहीतरी सांगायला सुरुवात केली. साहेब थांबले आणि कमरेत वाकून त्यांनी कान त्यांच्या तोंडाशी नेला. मागून एक हमाल पेट्या घेऊन आला आणि "बाजूला, बाजूला" म्हणून ओरडला. साहेबांनी मान न वळवता एक हात मागे करून त्याला थांबवलं. हमाल थांबला. त्याच्यामागचाही थांबला. त्या म्हाताऱ्याचे ओठ हलत होते, साहेब मान डोलवत होते, आणि त्याचं सांगून पुरं होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.